काचेअलीकडची खुर्ची

"मॅडम, काचेअलीकडे बसा. दिसेल, पण ऐकू येणार नाही. कोर्टाचा आदेश तसाच आहे," तपास अधिकारी म्हणाले. वृंदा खांबेटे खुर्ची ओढून बसल्या. बॉम्बस्फोटातल्या संशयिताचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असा ठराव शहरातल्या वकिलांनी केला होता. तरी त्यांनी ते घेतलं होतं.

काचेपलीकडे यंत्रमागाचा फिटर इम्तियाज मोमीन उत्तरं देत होता. मधेच मान वळवून त्या आहेत ना, हे बघत होता. सहा तासांत त्या एकदाही उठल्या नाहीत.

शेवटी पाच मिनिटांची भेट मिळाली. "मॅडम, मी काही केलं नाही. तुमचा विश्वास आहे ना?"

"मला माहीत नाही," त्या खरं तेच बोलल्या. "पण मी समोर असताना तुमच्यावर कुणी हात टाकणार नाही."

संध्याकाळी घरी नवऱ्यानं दार उघडलं. स्फोटात गेलेल्या जिवलग मित्राच्या तेराव्याहून तो नुकताच परतला होता.

"तू का आली नाहीस, असं वहिनी विचारत होत्या."

"काय सांगितलंस?"

"आजारी आहे म्हणालो."

तो आतल्या खोलीत गेला. वृंदांनी एकटीपुरतं ताट वाढून घेतलं.