रक्तदाबाची गोळी

टेक संपला आणि दिग्दर्शक राघव पणिक्कर सरांनी ‘ओके’ म्हटलं नाही. ‘पुन्हा’ही म्हटलं नाही. बोटीच्या धक्क्यावर बसलेल्या अम्मिणी अम्मांना या शेवटच्या शॉटमध्ये न आलेल्या मुलाची वाट बघायची होती. दुपारपासून तेच करून आता त्या चहाची वाट बघत होत्या.

“सर, ऊन चाललंय,” कॅमेरामन वर्गीस म्हणाला. “अम्मा उद्या चेन्नईला निघणार. मग त्या मिळतील ओणमनंतर.”

“कळतंय रे. पण काहीतरी खटकतंय.” काय, ते सरांना सांगता येईना. ते उठले. “आलोच. गोळी घेऊन येतो.”

युनिट निर्धास्त झालं. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. काही अडलं की सर नारळाखाली खुर्ची टाकून बसलेल्या बायकोकडे, दाक्षायणी टीचरकडे, रक्तदाबाची गोळी घ्यायला जात. परत येईपर्यंत त्यांना काहीतरी सुचलेलं असे. लग्नाचा तो गाजलेला बिनसंवादाचा प्रसंग एका गोळीत सुचला होता. ज्या शेवटावर परदेशात लेख आले, त्याला दोन लागल्या. इतकं गुणकारी औषध कोणत्या कंपनीचं, हे मात्र कुणा समीक्षकानं विचारलं नव्हतं.

टीचरनी हातातलं साप्ताहिक मिटलं, पर्समधून गोळी काढून दिली, पाण्याची बाटली पुढे केली. सरांनी गोळी गिळली. मग उभेच राहिले.

“आणि?”

“आणि काय? एकच असते.”

सर परत आले. पुढचा टेक आधीसारखाच झाला, फक्त अम्मा जरा जास्त वाकल्या होत्या.

“आज डोस लागू पडला नाही वाटतं,” सहायक बेन्नी पुटपुटला.

“साप्ताहिकातली सरांची मुलाखत वाचली नाहीस?” वर्गीस कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हणाला. “‘बायको माझ्या कलेत कधी लुडबुड करत नाही. सेटवर येते ती माझ्या गोळ्या सांभाळायला.’ मोठ्या अक्षरांत छापलंय. वर फोटो.”

“टीचरचा?”

“सरांचा.”

सर पुन्हा नारळाखाली पोचले होते.

“आता आणखी घेतलीत तर इथेच आडवे व्हाल,” टीचर म्हणाल्या.

सरांनी मागे वळून पाहिलं. सगळं युनिट मान वर करून नारळ बघत होतं. सर वाकले आणि टीचरच्या कानाशी काहीतरी बोलले.

“ऐकू नाही आलं.”

“शॉटमध्ये काय चुकतंय, विचारतोय,” सर कुजबुजले.

“मला आलं हो ऐकू. त्यांना नाही आलं.”

सरांनी घसा खाकरला. पाण्यावरचं ऊन तांबूस होऊन धक्क्यापासून दूर सरकायला लागलं होतं. साउंडवाल्या हम्सानं, कुणी काही सांगितलं नसताना, अम्मांच्या डोक्यावरचा माइकचा लांब दांडा उचलला, सावकाश चालत नारळाखाली आला आणि तो त्या दोघांच्या मधोमध धरून उभा राहिला.