मधला आवाज

दुसऱ्या ओळीत तिचा गज तारांवरून घसरला. ऑपरेशननंतर आज पहिल्यांदाच वाद्य हातात घेतलेलं, दंडात जोर नव्हता. तिने जीभ चावली आणि आता सगळंच कोसळणार म्हणून नवऱ्याकडे पाहिलं. काहीच कोसळलं नाही.

घरातलेच चौघे. नवरा आणि जाऊ व्हायोलिनवर, दीर खर्जातल्या चेलोवर आणि मधल्या आवाजाची व्हिओला तिची. शंभर वादकांसाठी लिहिलेल्या, जगाच्या तोंडी बसलेल्या सुरावटी नवरा चौघांपुरत्या बेतून द्यायचा. हत्तीला झबलं शिवायचं काम, असं दीर म्हणायचा. त्यात व्हिओलाच्या वाट्याला टाळ्या नसतात. पण ती थांबली की मध्ये खड्डा पडतो, बाकीचे तिघे ठेचकाळतात. त्या खड्ड्याच्या जोरावरच ती या घरात ताठ मानेने वावरत आली होती.

तिने मुद्दाम गज उचलून मांडीवर ठेवला. तिघे वाजवत राहिले. तिचे सूर जाऊ दोन तारांवर एकदम गज ओढून भरून काढत होती. उरलेलं चेलो सांभाळत होता. नवऱ्याची ही नवी मांडणी इतकी भरगच्च होती, की बोट ठेवायला जागा नव्हती. तेच तिला झोंबलं.

वाजवून झाल्यावर कुणी वर बघेना. जाऊ उगाचच तारा जुळवत बसली.

"माझ्यावाचून काही अडत नाही की!" ती म्हणाली.

"वहिनी, तुम्हाला ताण नको म्हणून हो," दीर घाईने म्हणाला. "हात बसला की दादा पुन्हा पहिल्यासारखं लिहील."

तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. बिचाऱ्याने आपल्यासाठी एवढा खटाटोप केला आणि आपण मात्र नाही नाही ते मनात आणलं. तिने नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढं सगळं कधी केलंस रे?"

नवरा कागद गोळा करत होता. त्याला खोटं बोलणं कधी जमलंच नव्हतं.

"ऑपरेशन चालू होतं तेव्हा, बाहेर बाकावर बसून," तो म्हणाला. "तू परत येशील की नाही, कुणाला ठाऊक होतं? आणि कार्यक्रमांच्या तारखा तर दिलेल्या होत्या."