वहिनीचा ओरडा

वहिनी नर्स असल्यामुळे सगळ्या बिल्डिंगचा दवाखाना तिच्याच स्वयंपाकघरात भरायचा. कुणी जीभ दाखवायचं, कुणी रिपोर्ट, आणि भांडी घासता घासता ती सरसकट सगळ्यांना झापायची. "काही धाड भरलेली नाहीये तुम्हाला. पाणी प्या आणि तो मोबाईल खाली ठेवा." तिचा ओरडा खाल्ला की माणूस निम्मा बरा होऊनच जिना उतरायचा.

वरच्या मजल्यावरच्या काकांशी तेवढी ती एकदा गोड बोलली होती. "बसा ना काका, चहा टाकते." काका चार दिवस तिचं कौतुक सांगत हिंडले. पुढचा महिना काही त्यांनी पाहिला नाही.

धाकटा दीर तर दर रविवारी नवं दुखणं घेऊन हक्कानं झापून घ्यायला यायचा. आज मानेवर गाठ होती, वाटाण्याएवढी.

"हं, करा सुरू," कॉलर खाली ओढत तो हसून म्हणाला.

वहिनीनं ओले हात पुसले. तिची बोटं गाठीवरून फिरली, थांबली, परत तिथंच आली. मग तिनं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.



"बसा ना भाऊजी. चहा टाकते."