वीस म्हणेपर्यंत

डोंगरगड मागे पडलं आणि गाडीने खरा वेग धरला. गुंजन पहिल्या डब्यातल्या खिडकीला नाक चिकटवून बसली होती. सुट्टीत त्यांच्या सुपेल्यातली निम्मी पोरं या नव्या वेगवान गाडीने गोंदियापर्यंत जात, वाटेतले डोंगर-जंगल बघत आणि संध्याकाळी घरी येऊन शेखी मिरवत. तिनेही आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं. शेवटी तिची आई हर्षा हो म्हणाली. आजोबा गुलाबराव नाही म्हणू शकले नाहीत, इतकंच. वाटेत दरेकसाचं वळण लागतं हे दोघांनाही ठाऊक होतं. दोघांनीही विषय काढला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्या वळणावर भूपेंद्र गेला. गुलाबरावांचा एकुलता मुलगा, हर्षाचा नवरा. उडवलं ते याच गाडीने. ती सुरू होऊन तेव्हा आठवडाही झाला नव्हता. गुंजनला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

भूपेंद्र रेल्वेत कीमॅन होता. रोज एकट्याने सहा किलोमीटर रूळ तुडवायचा, रूळ पकडून ठेवणारी एखादी लोखंडी चावी ढिली दिसली की हातोडीने ठोकून बसवायची. आधी हेच काम गुलाबराव करत. गुडघे बोलायला लागले तेव्हा त्यांनी मुदतीआधी नोकरी सोडली आणि त्यांच्या जागी पोरगा लागला. तोच रूळ, तीच हातोडी. पहिल्या दिवशी बाप स्वतः सोबत गेला होता. वळणावर नाल्यावरच्या पांढऱ्या मोरीपाशी थांबून त्याने पोराला आपल्या धंद्यातली खुबी सांगितली. इथून गाडी दिसत नाही, पण पलीकडच्या पाटीपाशी ड्रायव्हर हॉर्न देतोच. हॉर्न ऐकला की आकडे मोजायला लागायचं. तिसाला गाडी मोरीवर येते. वीस म्हणेपर्यंत बिनघोर हात चालवायचा, मग बाजूला व्हायचं. स्वतः ते असेच तीस वर्षं राबले होते आणि अंगाला ओरखडा नव्हता.

भूपेंद्र मोरीजवळच सापडला. खिशात मोबाइल होता, काचेचा चुरा झालेला. बघणारं कोणी नव्हतं, म्हणून बोलणारे पुष्कळ निघाले. मोबाइलमध्ये डोकं घालून बसला असेल, असं कोणीतरी म्हणालं आणि गुलाबरावांनी ते उचलून धरलं. भेटायला येणाऱ्यांना, नळावरच्या शेजाऱ्यांना, जेवता जेवता हर्षाला, ते एकच वाक्य ऐकवत: "माहं ऐकलं असतं तं जिता असता." पोराचा फोटोही त्यांनी भिंतीवर लावू दिला नाही. रुळावर असताना तो कधी फोन उचलत नसे, हे हर्षाला पक्कं माहीत होतं. तिने एकदा सांगून पाहिलं. त्यांनी ताटावरून उठून हात धुतले. मग तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

आता दोन्ही बाजूंना जंगल दाटलं. डबाभर मोबाइल वर झाले, लोक डोंगरांचे फोटो काढू लागले. गुंजनने टाळ्या पिटल्या. गुलाबरावांना मात्र काहीच ओळखीचं वाटेना. जन्मभर त्यांनी गाडी पाहिली ती खाली खडीवर उभं राहून. एवढ्या वेगात आतून हा मुलूख कसा दिसतो ते आज प्रथमच बघत होते. सागाची झाडं नजर ठरायच्या आत मागे जात होती.

पुढे हॉर्न वाजला.

गुलाबरावांचे ओठ हलायला लागले. एक, दोन, तीन. सवयच ती, त्यात विचार कसला. गुंजनला गंमत वाटली, तीही बोटांवर मोजू लागली. हर्षाने पदर मुठीत आवळला आणि काचेबाहेर डोळे लावले. गाडी वळणावर किंचित कलली. पंधरा. सोळा. सतरा.

पांढरी मोरी खिडकीसमोरून निघून गेली.

गुलाबरावांचे ओठ तिथेच थांबले. पुढचे आकडे त्यांना येत होते, पण ते म्हणायला आता जागाच उरली नव्हती.

"आबाजी, रुकले काऊन?" गुंजन म्हणाली. "सत्रा के बाद अठरा असते ना."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मोरी गेली त्या दिशेला मान वळवून ते बसून राहिले. हर्षा खाली मान घालून थांबली होती. पोराची आठवण निघाली की ते वाक्य यायचंच, आजही येणार, हे ती धरून चालली होती.

"ऐकलं होतं, हर्षा. त्यानं माहंच ऐकलं होतं."