सात झऱ्यांचा नकाशा

"पोरी, थांब. इथं अजून एक झरा आहे," म्हातारी म्हणाली आणि राखेच्या रेघेशेजारी तिने सातवा दाणा ठेवला.

मागे खुर्चीवर बसलेल्या वरिष्ठ संशोधकाच्या पोटात दुखायला लागलं. बावीस वर्षं तो शेतकऱ्यांकडून प्रश्नावल्या भरून घेत हिंडला होता. 'बसा साहेब'च्या पुढे त्याच्याशी कुणी फारसं बोललं नव्हतं. आणि ही काल नोकरीला लागलेली पोरगी अंगणात फतकल मारून बसते काय, "आजी, तुमचं गाव काढा आणि काढता काढता त्याच्या गोष्टी सांगा" म्हणते काय, अन् सगळ्या म्हाताऱ्या तिच्यापुढे मन मोकळं करतात काय!

राखेच्या वाटा, खड्यांची घरं, दाण्यांचे झरे. मधोमध एक मोठं झाड. झाड म्हणून फांदी रोवताना एक म्हातारी डोळे पुसत बसली. सुना मात्र मागे गप्प होत्या. त्यांनी एक खडासुद्धा ठेवला नाही. सासवांपुढे कोण बोलणार, असं त्याला वाटलं.

पोरीने सगळं मोठ्या कागदावर उतरवून घेतलं.

"दे मोठ्या बाईंना उद्याच," परतताना गाडीत तो वरवर म्हणाला.

"नाही सर. अजून अर्धीच गोष्ट ऐकलीय. गोष्ट पुरी झाल्याशिवाय नकाशा देऊ नये."

दीड दमडीची पोरगी आणि त्याला शिकवत होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मोठ्या बाई कार्यालयाच्या प्रमुख; त्यांना ज्याचा नकाशा पसंत पडेल त्याला झऱ्यांच्या नव्या प्रकल्पाचं प्रमुखपद मिळणार होतं. हे पद हुकलं तर या पोरीच्या हाताखाली काम करायची पाळी येणार होती. त्यात बायकोने माहेरी पद मिळाल्याची बातमी आधीच पोचवली होती.

दुसऱ्या दिवशी पोरगी उरलेली गोष्ट ऐकायला गेली. नकाशाची गुंडाळी तिच्या टेबलावरच होती. त्याने दार लोटलं, खिडकीच्या काचेवर कागद धरला आणि नकाशा गिरवून घेतला. वाटा फारच वाकड्या होत्या. गावातल्या गल्ल्या तर त्याने पाहिल्या होत्या, पट्टीने आखल्यासारख्या. म्हाताऱ्यांचे हात थरथरणारच, असं म्हणत त्याने सगळ्या वाटा सरळ केल्या. संध्याकाळच्या आत नकाशा त्याच्या नावाने मोठ्या बाईंकडे गेला.

कार्यालयाचा एक रिवाज होता. नकाशा पक्का करण्याआधी तो गावकऱ्यांना दाखवायचा. त्यामुळे आठवड्याने सभागृहात म्हाताऱ्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांच्यात ती पोरगी. भिंतीवरचा नकाशा पाहून तिचा चेहरा पडला. त्याला फार बरं वाटलं.

"हे सातही झरे तुम्ही स्वतः पाहिलेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"एकूण एक. गेल्याच महिन्यात गावाची शीव पायी फिरलो. प्रत्येक झऱ्याचं पाणी ओंजळीने प्यायलोय."

पोरीने तोंड उघडलं, पण सातवा दाणा ठेवणाऱ्या म्हातारीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि ती स्वतः उठली. नकाशाजवळ जाऊन तिने एकेका झऱ्यावर बोट टेकवलं. मग झाडावर. तिथे ते जरा वेळ राहिलं.

"वाटा कुणी सरळ केल्या कोण जाणे," ती म्हणाली. "पण झरे जिथल्या तिथे आहेत. झाडही. हे आमचंच गाव."

त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोठ्या बाईंनी सहीसाठी पेन उघडलं.

म्हातारी त्याच्याकडे वळली.

"गेल्या महिन्यात पायी फिरलात म्हणता, साहेब? आमचं हे गाव धरणाच्या पाण्याखाली जाऊन तीस वर्षं झाली."