दहावा शब्द

तेजश्रीला मागणी घालायला गौतम चिक्कडपल्लीला गेला, तर तिचे वडील अप्पाराव, इंग्रजीचे निवृत्त मास्तर, मांडीवर शब्दकोश घेऊनच बसले होते. "पाच अक्षरांचे दहा इंग्रजी शब्द सांगा. प्रत्येकात क्यू पाहिजे. मग लग्न पक्कं."

क्वीन, क्विक करत, घाम पुसत गौतम नवापर्यंत पोचला आणि अडला. तेजश्री रडकुंडीला आली. अप्पारावांना मात्र चेव चढला. "बोला! वेळ संपली! बोला!"

आतून भामाबाई तरातरा आल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्यापुढे मराठीतसुद्धा आवाज चढवला नव्हता.

"क्वाएट!" त्या कडाडल्या.

अप्पारावांनी बोटांवर अक्षरं मोजली.

"हौ, पाच भरली," ते अगदी हळू म्हणाले. "मुहूर्त कधीचा बघायचा?"