बॅगा बसमध्ये

कॉलेजांच्या बेसबॉल स्पर्धेत त्यांनी एक सामना आधीच गमावला होता. आज हरले की मोटेल सोडून थेट घर, आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या लँडनचा खेळ कायमचा संपणार होता. सकाळीच कोच हॅलोरन ओरडले, "सगळ्यांच्या बॅगा बसमध्ये टाका!"

लँडन जिन्यावरून हलला नाही. "माझी खोलीतच राहील, कोच. आपण परत येणार आहोत."

"समोर अव्वल संघ आहे, शहाण्या. हरलास तर बॅग न्यायला घरून चालत येशील."

"येईन. पण हरतंय कोण?"

बरोबरीनंतरच्या जादा, दहाव्या डावात लँडनच्याच फटक्यावर ते जिंकले. मोटेलसमोर पोरांनी आरडाओरडा करत आपापल्या बॅगा उतरवल्या.



बस रिकामी झाली, आत एकही बॅग उरली नाही. हातात बॅग नसलेले दोघंच उरले: लँडन, आणि कोच हॅलोरन.